मागचा दरवाजा: पाहिला, उघडतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेवटी आलंच माझ्या गळ्यात! संमेलनाचं काम. साहेबांनी सकाळी बोलावलं आणि आधी बसायला सांगितलं — तेव्हाच ओळखायला हवं होतं. उभं ठेवून बोलतात तेव्हा फक्त चूक दाखवतात. बसवतात तेव्हा काम देतात.

टाचणीकाका महिनाअखेरीला निवृत्त होतायत, तर यंदापासून संमेलनाचं सगळं मी बघायचं. तारीख ठरलेली, बावीस. हॉलही ठरलेला, दरवर्षीचाच. अडीचशे कामगार, घरची माणसं धरून सहाशे डोकी. मुलांचे नाच, मोठ्यांची गाणी, साहेबांचं भाषण (हे कुणाला कापता येत नाही), आणि शेवटी काकांचा सत्कार. एकतीस वर्षं झाली त्यांना या झाकणांच्या कारखान्यात. बाटलीचं झाकण फिरवताना कुणी आमची आठवण काढत नाही, पण ते आम्हीच करतो.

टाचणीकाका हे नाव का पडलं ते नव्या माणसाला सांगावं लागत नाही. ऑफिसात स्टेपलर येऊन जमाना झाला, यांचे कागद अजून टाचणीनेच जोडलेले. टेबलावर पत्र्याची गोल डबी, तिचं झाकण आमच्याकडचंच. आणि कागद फाडत नाहीत, कधीच. चुकलेला असो, चहा सांडलेला असो, घडी घालून ठेवतात. मी नवीन लागले तेव्हा — दहा वर्षं होतील आता — एक चुकलेलं पत्र मी टराटरा फाडलं होतं. तर तुकडे गोळा करून माझ्या हातात दिले. "कागद बोलतो," म्हणाले. "त्याचं तोंड आपण दाबू नये."

संमेलनाची फाईल त्यांनी दिली. सगळ्यात वर मागच्या वर्षीचा सुरक्षिततेचा तक्ता. हॉलला दारं किती, जिने किती, आग विझवायची नळकांडी किती, वायरिंग कसं — एकवीस ओळी. हा विमा कंपनीला जातो. काका म्हणाले, मागचा कागद समोर ठेव आणि उतरव, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, बरं. आमच्याकडे सगळंच असं चालतं. रजेचा अर्ज, मालाची मागणी, कसला तक्ता — मागचा कागद समोर, आणि ये रे माझ्या मागल्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लेकीला विचारलं, यंदा नाचणार का संमेलनात. तिने असं पाहिलं, जसे काही मी तिच्या ताटात खडे वाढलेत. चौदा वर्षांची झाली. संपलं ते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

झोपायची वेळ झालीय. पण लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

काल तक्ता भरायला घेतला. विमा कंपनीने यंदा कागद बदललाय. ओळी त्याच एकवीस, पण प्रत्येकीपुढे एक नवा रकाना — 'पाहिल्याची वेळ'. पहिली ओळ: समोरचे दरवाजे. मागच्या वर्षीचं उतरवलं — दोन, उघडतात. वेळ? वेळ काय लिहू! सव्वा अकरा लिहावं म्हटलं, पण सव्वा अकराला तर मी इथे बसून बिस्किट बुडवत होते चहात. आणि गंमत अशी की हात धजेना. 'पाहिलं' हे न पाहता लिहायला काही वाटलं नव्हतं, 'सव्वा अकरा' लिहायला वाटलं. स्वतःवरच चिडले. म्हटलं, जाऊन येऊ, हाकेच्या अंतरावर तर आहे.

म्हणून आज दुपारच्या सुट्टीत गेले. हॉलचा मॅनेजर म्हणजे कानावर पेन्सिल, पायात घरातल्या सपाता. मी कागद घेऊन बघायला आलेय म्हटल्यावर जरा गोंधळला. "बघायला? तुम्ही तर दरवर्षी येता की." येतो, पण खुर्च्या मांडलेल्या असताना.

समोरचे दोन दरवाजे ठीक. एकापुढे मोडक्या खुर्च्यांची रास होती, ती हलवतो म्हणाला. नळकांडी चार, दोनांवरची तारीख उलटून गेलेली. स्टेजच्या पडद्याखाली वायरींचा गुंता, चिकटपट्टी लावलेला. लिहीत गेले, वेळ टाकत गेले. मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

एकविसावी ओळ — मागचा दरवाजा. स्टेजच्या मागे मुलांना तयार करायची खोली आहे. तिच्या टोकाला पडदा आणि पडद्यामागे दार. वर लाल अक्षरात 'बाहेर'. दाराला आडवी दांडी, ढकलली की उघडणारी. मॅनेजर म्हणाला, त्याचं काही काम नाही पडत कुणाला. मी म्हटलं, तरी बघते. दांडी ढकलली.

चार बोटं उघडलं. आणि थाडकन आपटलं!

वाटलं, बाहेर काहीतरी ठेवलंय. खोकी वगैरे. फटीतून हात घातला. विटा. गार, खरखरीत विटा! वर हात नेला, तिथे विटा. खाली वाकले, तिथेही. दाराबाहेर भिंत आहे. अख्खी भिंत. मी तशीच हात आत घालून उभी राहिले.

भिंत पलीकडच्या गोदामाची म्हणे. कधीपासून, विचारलं. म्हणाला, त्याच्याही आधीपासून आहे, आणि त्याला इथे अकरा वर्षं झाली. म्हटलं, मग वर 'बाहेर' कशाला लिहिलंय?

"दार आहे ना," तो म्हणाला. "म्हणून लिहिलंय."

इतक्या साधेपणाने म्हणाला! जशी काही मीच खुळी. वर पुन्हा, "तुम्ही पहिल्याच, असं उघडून बघणाऱ्या."

मी खोलीकडे वळून पाहिलं. संमेलनाच्या दिवशी तिथे चाळीस मुलं असतात. कागदाचे पंख लावलेली, झिरमिळ्या लावलेली, एकमेकांना ढकलणारी. त्या खोलीतून निघायचं तर तीन पायऱ्या चढून स्टेजवर, तिथून पडद्याखालून खाली, मग सगळा हॉल ओलांडून समोर. आणि पडद्याखाली तो वायरींचा गुंता. पडदा पेटला तर मुलं कुठे जाणार? दाराकडे. वर 'बाहेर' लिहिलंय ना. दाराकडेच जाणार सगळी!

पायरीवर बसले. मॅनेजरने पाणी आणून दिलं. बिचारा घाबरला, मला घेरी आली असं वाटलं त्याला.

ऑफिसात परत येऊन काकांना सांगितलं. चष्मा काढून ऐकत होते. चेहरा पांढराफटक पडला. "भिंत?" एवढंच. मग बराच वेळ डबीतल्या टाचण्या बोटाने हलवत बसले. मग म्हणाले, फाईल दे जरा. आणि घरी घेऊन गेले. काका फाईल घरी नेत नाहीत कधी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मी पोचायच्या आत फाईल माझ्या टेबलावर. मी ती पहिल्यांदाच तळापर्यंत उलटली. इतके दिवस वरचाच कागद पाहिला होता.

आठ वर्षांचे आठ तक्ते. सगळे काकांच्या अक्षरात, सगळ्यांवर काकांची सही. आणि एकविसाव्या ओळीत, आठही वर्षं: 'मागचा दरवाजा — पाहिला, उघडतो.' एक अक्षर इकडचं तिकडे नाही! बाकी ठिकाणी यांची भाषा ती जुनी, 'सुस्थितीत आढळले' छापाची. इथे मात्र चक्क 'पाहिला, उघडतो'. डोळ्यांनी पाहिल्यासारखं!

आणि या हॉलमध्ये आम्ही नऊ वर्षं जातोय. तक्ते आठ. पहिल्या वर्षीचा नाही. तळाशी गंजकी टाचणी आहे, आणि टाचणीखाली कागदाचा तिकोनी कोपरा. नुसता कोपरा. कागद ओढून काढलाय कुणीतरी. कुणीतरी कशाला म्हणू — फाईल रात्रभर कुणाकडे होती?

सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, एकदा तरी गेला होतात का हॉल बघायला? म्हणाले, नाही. आठ वर्षांत एकदाही? नाही. मग पहिल्या वर्षीचा कागद कुठे गेला?

"मी काढला."

"का?"

"असू दे आता," म्हणाले आणि खाली बघून लिहायला लागले. काय लिहीत होते देव जाणे, समोर कोरा कागद होता.

ज्या माणसाने एकतीस वर्षांत साधं चिठोरं फाडलं नाही, ज्याने माझ्या हातात तुकडे देऊन मला शिकवलं, त्याने फाईलमधला कागद ओढून काढला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला इतका धक्का त्या भिंतीनेही दिला नव्हता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घरी सांगायचं नव्हतं, पण जेवताना तोंडातून निघालंच. मागच्या दाराबद्दल.

लेक पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "ते खोटं दार ना?"

मी म्हटलं, काय म्हणालीस?

खोटं दार! सगळी मुलं त्याला हेच म्हणायची म्हणे. पहिल्या वर्षी — पाच वर्षांची होती ही, पिवळे पंख लावून नाचली होती, आम्ही दोघं पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होतो — तेव्हा ही सगळी पिल्लं आत दांडी ढकलायचा खेळ खेळत होती. फटीतून कोण कुठवर हात घालतं ते बघायचं. एकीचा हात अडकला होता, मग तेल लावून काढला. आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं," म्हणाली. "मोठ्यांनाच तर माहीत असतं ना."

पाच वर्षांच्या मुलांना ठाऊक होतं. आम्हा सहाशे जणांना नाही! मी घास ताटात परत ठेवला. माझी लेक त्या दाराला पाठ टेकून उभी होती, आणि मी समोर बसून तिचे फोटो काढत होते.

नवऱ्याचं म्हणणं, सोमवारी लगेच साहेबांकडे धावू नकोस, काकांशी आधी शांतपणे बोल. हा माणूस दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो, चष्मे विकतो, आणि घरी आल्यावर स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. त्याचं मी किती ऐकायचं? वर म्हणतो, पहिल्या वर्षी काका नव्हतेच की संमेलनाला, काकूंचं ऑपरेशन होतं, मीच नाही का डबा नेऊन दिला दवाखान्यात. मी म्हटलं, तक्ता काय संमेलनाच्या दिवशी भरतात? आधीच भरून गेले असतील. दहा मिनिटांचं तर काम!

तो चष्मा पुसायला लागला. मला राग आलेला असला की तो चष्मा पुसतो, आणि त्याने मला आणखी राग येतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगितलं साहेबांना. सगळं. भिंत, आठ तक्ते, ओढून काढलेला कागद.

साहेब पहिल्यांदा काय म्हणाले? "नऊ वर्षं काही झालं नाही ना?"

मग त्यांनी तोडगा काढला — त्या दारावर एक मोठं चित्र लावून टाकू, निसर्गदृश्य वगैरे, म्हणजे तिकडे कुणी जाणारच नाही. निसर्गदृश्य! मी म्हटलं, साहेब, मी त्या तक्त्यावर सही करणार नाही. दुसऱ्या कुणाची घ्या, पण मग विमा कंपनीला मी वेगळं पत्र लिहीन. माझा आवाज इतका चढलेला मी स्वतः कधी ऐकला नव्हता. बाहेर टंकलेखन थांबलं.

विम्याचं नाव काढल्यावर मात्र साहेबांचा नूर पालटला. हॉल रद्द. जागा बदलायची, बारा दिवसांत, आणि ती मीच शोधायची. मग हळूच विचारलं, सह्या कुणाच्या आहेत म्हणालात? मी आठ तक्ते पुढे ठेवले.

काकांना आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. काका उभेच होते. त्यांना बसायला सांगितलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रद्द केल्याचं पत्र द्यायला हॉलवर गेले. दार अजून तसंच, वर 'बाहेर' तसंच. उद्या कुठल्या तरी शाळेचा कार्यक्रम आहे तिथे! शाळेचा! मॅनेजरच्या समोर त्याच्याच फोनवरून शाळेला फोन लावला. पलीकडच्या बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. तिथूनच नगरपालिकेत गेले, अर्ज टाकला.

मॅनेजर चिडला नाही, नवल आहे. उलट आठवून आठवून सांगत होता. पहिल्या वर्षी तुमच्या कारखान्यातून एक फोन आला होता म्हणाला. मागे दार आहे का, विचारलं. मी म्हटलं आहे. उघडतं का, विचारलं. मी म्हटलं उघडतं. "खोटं नाही बोललो, बाई. चार बोटं उघडतंच. कुठवर उघडतं ते कुणी विचारलं नाही."

कुणाचा फोन होता, विचारलं. नऊ वर्षं झाली, म्हणाला, आता काय आठवणार.

फोनवर! म्हणजे काकांनी दार फोनवर पाहिलं! फोनवर पाहिलं आणि लिहिलं, 'पाहिला, उघडतो'. वाटतं, कसा झोपला असेल हा माणूस नऊ वर्षं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तीन जागा पाहिल्या. पहिलीत जिना एकच, तोही गोल. दुसरीत दारं भरपूर, पण सगळ्यांच्या चाव्या पहारेकऱ्याच्या घरी, आणि पहारेकरी त्याच्या भावाच्या घरी. तिसरी शाळा. मोठं पटांगण, चार फाटकं, चारही मी स्वतःच्या हातांनी उघडली. एक कुरकुरत होतं, त्याला तेल मागवलं. वेळ: चार वाजून पाच, चार आठ, चार बारा, चार वीस.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज नवऱ्याला आणि लेकीला शाळेच्या पटांगणावर नेलं आणि स्टेज उभं राहणार तिथून फाटकापर्यंत पळायला लावलं. मी घड्याळ धरून उभी. लेक बावीस सेकंदांत. नवरा एकावन्न, मध्ये चप्पल निघाली म्हणून. मी म्हटलं, पुन्हा. तो म्हणाला, आग लागली तर मी चप्पल टाकून पळेन, आत्ता नवी आहे. लेक हसून हसून खाली बसली. किती दिवसांनी हसली माझ्यासमोर.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सूचना लागली फळ्यावर. कार्यक्रमपत्रिका. सगळं आहे, काकांचा सत्कार नाही. ती ओळच काढून टाकलीय. साहेब म्हणाले, या परिस्थितीत बरं दिसणार नाही.

ऑफिसात सगळ्यांना कळलंय. पॅकिंगच्या बायका मुद्दाम येऊन माझा हात धरून गेल्या, बाई तुम्ही होतात म्हणून, आमची पोरं असतात तिथे. कँटीनमध्ये काकांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. एक ऑपरेटर मोठ्याने म्हणाला, दिव्याखाली अंधार. काकांनी ऐकलं. डबा बंद केला, रुमालात नीट बांधला, गाठ मारली, उठले.

वाईट वाटलं का? वाटलं. आणि बरंही वाटलं, खरं लिहायचं तर. या वहीत तरी खरं लिहावं. त्यांनी एकदा जरी 'चुकलं' म्हणून समोर येऊन सांगितलं असतं, तर मी साहेबांशी भांडले असते त्यांच्यासाठी. पण कागद लपवला! तेवढं मला पचत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नगरपालिकेची माणसं गेली होती हॉलवर. समोरच्या दारांना कुलूप, मागचं दार नीट होईपर्यंत. मॅनेजर म्हणे लोकांना सांगतो, एक बाई आली आणि तिने दार ढकललं.

रविवार, २३ फेब्रुवारी

झालं संमेलन काल. पार पडलं एकदाचं!

फाटकं चारही सताड उघडी. प्रत्येकापाशी एक माणूस, त्याच्या गळ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी. मी दिवसभर फिरत होते, एकही नाच धड पाहिला नाही. साडेसहाला वीज गेली. पूर्ण काळोख नव्हता, पण गलका झाला, मुलं रडायला लागली. आणि सगळी माणसं उठून सावकाश फाटकांकडे चालायला लागली, जशी बाजारातून घरी निघालीत. चार मिनिटांत वीज आली, हसत हसत परत बसली. मी मात्र स्टेजच्या खांबाला धरून उभी होते. तिथे, त्या खोलीत, तो पडदा, ते दार — डोळ्यांसमोरून जाईना.

साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. डोळ्यांत तेल घालून काम करणारी माणसं हवीत, म्हणाले. टाळ्या झाल्या.

काका आले होते. येणार नाहीत असं वाटलं होतं. काकूंना घेऊन शेवटच्या रांगेत, तिसऱ्या फाटकापाशी बसले होते. माझ्यासाठी टाळ्या झाल्या तेव्हा तेही वाजवत होते. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शेवटी सगळे गेल्यावर खुर्च्या मिटून भिंतीला लावत होते. काकू म्हणाल्या, अहो, आता तरी चला. काकू माझ्याशीही बोलल्या, ओळखीचं हसल्या, तुझी मुलगी केवढी झाली म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर राग शोधला मी. नव्हता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काकांचा शेवटचा दिवस. केक नाही, हार नाही. साहेब बाहेरगावी. की मुद्दाम गेले, कोण जाणे. साडेपाचला काका उठले, टेबल फडक्याने पुसलं, खुर्ची आत सरकवली.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. ती पत्र्याची डबी पुढे ठेवली. म्हणाले, तुला ठेव. मी म्हटलं, काका, मी स्टेपलर वापरते. माझा आवाज कोरडाच होता. म्हणाले, टाचण्या गंजल्यात, त्या टाकून दे, पण डबी चांगली आहे. "सवडीने रिकामी कर. घाई नाही."

मग म्हणाले, "तू दार ढकललंस ते बरं केलंस. मी आठ वेळा उतरवलं, एकदाही ढकललं नाही. ती चूक माझीच."

शेवटी म्हणाले तर! जायच्या दिवशी! मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतं, काका. ते हसले जरासे. पिशवी उचलली आणि गेले. फाटकापाशी पहारेकऱ्याने उठून सलाम केला, तेवढा एकच.

डबी खणात टाकलीय.

सोमवार, ३ मार्च

ऑफिसातूनच लिहितेय. वही पिशवीत होती.

पिना संपल्या म्हणून खणात हात घातला, डबी लागली. टाचण्या वर्तमानपत्रावर ओतल्या. तळाशी गोल कापलेला पुठ्ठा, त्याच्याखाली घडी घातलेला कागद. सुरक्षिततेचा तक्ता. नऊ वर्षांपूर्वीचा. वरचा डावा कोपरा नाही.

एकविसावी ओळ — 'मागचा दरवाजा — पाहिला, उघडतो.' खाली सही.

अक्षर माझं. सही माझी.

काका रजेवर, काकू दवाखान्यात, मी नवीन. फोन मीच केला होता. आता आठवतंय, दुसऱ्या हातात बिस्किट होतं.

फाईल काढली. टाचणीखालचा कोपरा जुळवून पाहिला. जुळला. कागद तळाशी, त्याच्या जागी लावला, टाचणीनेच.

वेळ: नऊ वाजून दहा. साहेब साडेनऊला येतात.